वारस न लावलेला वारसा

'वारसा' हा शब्द आपण साहित्याच्या माणसांनी इतका सैल करून ठेवला आहे की त्यातला मूळचा कायदेशीर पीळ आता जाणवतच नाही. गावाकडे तो अजून शाबूत आहे. घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य उरकून मुले तलाठ्याकडे जातात, अर्ज देतात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. याला 'वारस लावणे' म्हणतात. वारस लागेपर्यंत जमीन मयताच्याच नावावर राहते, आणि मयताच्या जमिनीकडे शेजाऱ्याचा बांध कसा हळूहळू सरकत येतो हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

हा पाल्हाळ लावण्याचे कारण एक मैफल आहे, आणि ती आपल्याकडची नाही. ७ फेब्रुवारी २००३ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये 'सॅल्यूट टु द ब्लूज' या नावाने ती झाली. अमेरिकी सिनेटने १ फेब्रुवारी २००३ पासूनचे वर्ष 'ब्लूज वर्ष' म्हणून साजरे करण्याचा ठराव केला होता. त्या उत्सवातलाच हा एक मोठा सोहळा. सुमारे सहा हजार आसनांचे सभागृह आणि रंगमंचावर बी. बी. किंग, बडी गाय, ओडेटा, मेव्हिस स्टेपल्स, सॉलोमन बर्क, रूथ ब्राउन. रॉबर्ट जॉन्सनबरोबर प्रत्यक्ष वावरलेले डेव्हिड 'हनीबॉय' एडवर्ड्सही होते; वय सत्त्याऐंशी. आफ्रिकेपासून निघून मिसिसिपी डेल्टा, शिकागो, सोल असे टप्पे घेत हिप-हॉपपर्यंत येणारा प्रवास एका रात्रीत गाऊन दाखवायचा, अशी योजना होती. अँटवान फुकुआ या दिग्दर्शकाने तिचे चित्रीकरण केले आणि 'लाइटनिंग इन अ बॉटल' हा चित्रपट २००४ मध्ये आला.

तौलनिक साहित्याच्या तासिकेत हा चित्रपट मी एम. ए.च्या वर्गाला दाखवला. आमचे महाविद्यालय मराठवाड्यात आहे. पडद्यावर इंडिया आरी 'स्ट्रेंज फ्रूट' गात होती तेव्हा वर्ग स्तब्ध होता. चित्रपट संपल्यावर शेजारी बसलेले एक सहकारी, स्वतः चांगले कवी, भारावून म्हणाले, "वेदनेला देश नसतो." विद्यार्थ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. मीही मान डोलावली. मग रूथ ब्राउनविषयी थोडे सांगावे म्हणून मी म्हणालो की पन्नाशीच्या दशकात या बाईंच्या ध्वनिमुद्रिका तडाखेबंद खपत होत्या, आणि पुढे त्यांनाच लोकांच्या घरी धुणीभांडी करावी लागली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग गाण्यांचे पैसे कुठे गेले?" मी सांगू लागलो: कंपनी ध्वनिमुद्रणाआधी काही रक्कम आगाऊ देते, वादकांचा आणि स्टुडिओचा खर्चही गायकाच्याच नावे टाकते, आणि तो सगळा वसूल होईपर्यंत त्याच्या हाती रॉयल्टी पडत नाही. त्याने मला मध्येच थांबवले. "म्हणजे उचल. आणि सर, उचल फिटत नसतेच." त्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्याच्या तळावर जातात.

वहीत उतरवून घ्यावे असे वाक्य खरे तर ते होते. ते कोणी लिहून घेतले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ब्लूज आणि सोल यांच्या वारशाच्या नावाने ज्या संध्याकाळी साजऱ्या होतात, त्यांच्या वहीत गाणे 'वारसा' म्हणून जमेच्या बाजूला पडते आणि गाणाऱ्याचे घेणे 'वेदना' या खात्यावर खर्ची टाकले जाते. हा जमाखर्च श्रोत्यांच्या गळी उतरवण्याचे काम करतो आपण, साहित्याचे शिक्षक. मीही पुष्कळ वर्षे केले आहे.

*

२००३ हेच वर्ष का निवडले, इथूनच पाहू. डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला, स्वरलिपी जाणणारा कृष्णवर्णीय बँडमास्टर. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या लहानशा स्थानकावर तो गाडीची वाट पाहत पेंगत होता. जागा झाला तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून, सरकवून वाजवतो आहे आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाविषयी गातो आहे. हँडीने आपल्या आत्मचरित्रात, १९४१ मध्ये, हा प्रसंग नोंदवला. ब्लूजची शंभरी मोजली गेली ती या रात्रीपासून.

तो गाणारा कोण होता? नाव ठाऊक नाही. म्हणजे शताब्दी जिची साजरी झाली ती घटना गाण्याची नसून ऐकण्याची आहे. लिहिता येणाऱ्या माणसाने ज्या क्षणी ऐकले तो क्षण जन्मतारीख ठरला, आणि हँडीच्या त्या आत्मचरित्राचे नावही 'फादर ऑफ द ब्लूज' असे आहे. लोकपरंपरेच्या बाबतीत असे होणे अटळ असते, हे मान्य. तरी ते अटळ आहे हे उत्सवात कोणी मोठ्याने म्हणत नाही, आणि माझा आक्षेप त्या न म्हणण्याला आहे.

हँडीवर अन्याय नको. त्याचीही फसवणूक झालीच होती. 'मेम्फिस ब्लूज' १९१२ मध्ये छापल्यावर त्याने तिचे हक्क किरकोळ रकमेला विकले आणि नफा दुसऱ्यांनी खाल्ला. त्यावरून शहाणा होऊन त्याने भागीदारीत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९१४ मध्ये 'सेंट लुइस ब्लूज' स्वतः प्रसिद्ध केले. ब्लूजच्या पहिल्या छापील पिढीला पहिला धडा मिळाला तो मालकीचा. वेदनेचा धडा तिला नव्याने घ्यावा लागणार नव्हता.

त्याच १९०३ मध्ये डू बॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' प्रसिद्ध झाले. त्यातल्या प्रकरणांच्या शिरोभागी एकीकडे बहुतेक युरोपीय कवींच्या ओळी आणि त्याखाली गुलामांच्या गाण्यांची स्वरलिपी, अशी मांडणी आहे. शेवटच्या प्रकरणात ते या गाण्यांना शोकगीते म्हणतात. पण तिथे त्यांचा युक्तिवाद शोकाशी थांबत नाही. या देशाच्या घडणीत आमची गाणी, आमचे श्रम आणि आमची श्रद्धा यांचा वाटा आहे, असा तो दावा आहे. वाटा मागणाऱ्याचा ग्रंथ आपण करुणरसाच्या कपाटात ठेवला.

*

आपल्या काव्यशास्त्रातली एक सोयीची संकल्पना इथे आपल्याला दगा देते. ती म्हणजे साधारणीकरण. भाव व्यक्तीचा न राहता रसिकाच्या आस्वादाचा होतो, त्याचे स्थलकालाचे पाश गळून पडतात, ही मांडणी आस्वादाच्या मीमांसेपुरती मोलाची आहे, यात वाद नाही. मात्र आस्वादाचा नियम आपण इतिहासाला लावू लागलो की गफलत होते. पाश गळतात ते रसिकाच्या मनात. गाणाऱ्याच्या पायातले जागच्या जागी राहतात.

शिवाय ब्लूज हा प्रकार मुळात विशेषनामांचा आहे. चार्ली पॅटनने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' ऐका. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे हे गाणे दोन भागांत आहे. सम्नर, लीलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल अशी गावांची नावे त्यात एकामागून एक येतात. पाणी कुठून कुठे चढले आणि माणूस कुठे पळाला याचा माग त्यात आहे. त्याच पुरात ग्रीनव्हिलच्या बांधावर हजारो कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकधारी पहाऱ्यात अडकवून ठेवून कामाला जुंपले गेले होते, हे लक्षात ठेवून ऐकले तर गाणे पंचनाम्यासारखे वाटू लागते. अशा गाण्याविषयी 'वेदनेला देश नसतो' म्हणणे म्हणजे पंचनाम्यावरची स्थळ, वेळ आणि साक्षीदारांची नावे खोडून तो वाचणे.

वेदना या एकाच शब्दात ब्लूज कोंबल्याने आणखी एक नुकसान होते: त्यातला वात्रटपणा हरवतो. बारा मात्रागणांचा साचा, पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने त्यावर कडी करायची, ही रचना मुळात हजरजबाबीपणाची आहे. ओळ दुसऱ्यांदा म्हणताना गायकाला पुढची जुळवायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते. जात्यावर दोघी बसल्या की ओवीची देवघेव जशी चालते, तसे काहीसे. त्या रात्री रूथ ब्राउन, मेव्हिस स्टेपल्स आणि नॅटली कोल यांनी मिळून पुरुषजातीची यथेच्छ टिंगल करणारे गाणे म्हटले. सभागृह खदखदून हसले. आमच्या वर्गातल्या मुलीही हसल्या. चर्चेत मात्र त्या गाण्याचा उल्लेख झाला नाही, कारण ते 'वेदने'त बसत नव्हते.

*

रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट प्रत्येक वारसा-संध्याकाळी सांगितली जाते. चौरस्त्यावर मध्यरात्री तो सैतानाला भेटला, आत्मा विकला आणि बदल्यात गिटार घेऊन आला. गोष्ट रंजक आहे. पण ती तशीच्या तशी टॉमी जॉन्सन या दुसऱ्या गायकाविषयीही सांगितली जात असे. रॉबर्टच्या बाबतीत संशोधकांनी जुळवलेली हकिगत साधी आहे. हेझलहर्स्टच्या परिसरात आइक झिमरमन नावाच्या वादकाजवळ राहून त्याने शिकून घेतले. रात्री कोणाला त्रास नको म्हणून दोघे दफनभूमीत बसून वाजवत. आपल्या काव्यशास्त्राने काव्याची कारणे सांगताना प्रतिभेबरोबर व्युत्पत्ती आणि अभ्यास यांचीही नावे घेतली आहेत. जॉन्सनच्या वाट्याला मात्र फक्त प्रतिभा येते, आणि तीही सैतानाकडून उसनी. शिष्याचा अभ्यास गेला, गुरूचे नाव गेले.

आता वारसाकडे येऊ. जॉन्सन १९३८ मध्ये सत्तावीस वर्षांचा असताना मेला. १९३६ आणि १९३७ मधल्या दोन ध्वनिमुद्रण-सत्रांत मिळून त्याने एकोणतीस गाणी मुद्रित केली. १९९० मध्ये ती एकत्र निघाली आणि दहा लाखांवर संच खपले. १९९४ मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यासाठी घेतलेल्या छायाचित्रात जॉन्सनच्या ओठांत सिगारेट आहे, ती तिकिटावरून पुसून टाकण्यात आली. वारसा सभ्य दिसला पाहिजे!

याच काळात मिसिसिपीत एक इसम खडी वाहणारा ट्रक चालवत होता. त्याचे नाव क्लॉड जॉन्सन, जन्म १९३१. तो आजोळी वाढला. आजीआजोबा धार्मिक, सैतानाचे संगीत वाजवणाऱ्या बापाला त्यांनी उंबरठा ओलांडू दिला नाही. बाप अंगणात आणि पोरगा दारात, इतकीच जवळीक आपल्याला लाभली, असे क्लॉड सांगत असे. लग्नाबाहेरचा मुलगा म्हणून वारसाहक्क शाबीत करणे सोपे नव्हते. त्याच्या आईच्या एका वृद्ध मैत्रिणीने न्यायालयात उभे राहून, त्या दोघांच्या एकत्र येण्याची आपण डोळ्यांदेखतची साक्षीदार आहोत, असे सांगितले. १९९८ मध्ये न्यायालयाने त्याला वारस ठरवले आणि २००० मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम, तीही बाप गेल्यानंतर सहा दशकांनी, त्या ट्रकचालकाच्या हाती आली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात काय नाही? पितृत्वाचा शोध आहे, दारातली ताटातूट आहे, लाज बाजूला सारून दिलेली साक्ष आहे. तरीही आपण वर्गात चौरस्त्यावरचा सैतान सांगतो आणि न्यायालयातली म्हातारी सांगत नाही. सैतानाच्या गोष्टीत कोणाचे देणे लागत नाही, हे त्याचे खरे कारण असावे.

*

उचल या शब्दाकडे परत येतो, कारण माझ्या विद्यार्थ्याने एका शब्दात जे दाखवले ते विस्ताराने सांगणे हे माझे काम आहे.

गुलामी संपल्यानंतर डेल्टातल्या कापसाच्या मळ्यांवर अर्धेलीची पद्धत आली. जमीन, बियाणे, खेचर मालकाचे, राबणे कुळाचे. पीक हाती येईपर्यंतचे पीठ-मीठ मळ्याच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे. आपल्याकडे याला खावटी म्हणतात. वर्षअखेर हिशेब होई. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा, आणि कुळाच्या नावे बहुधा बाकीच निघे. मडी वॉटर्स अशाच स्टोव्हल मळ्यावर वाढला, तिथेच राबला. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी तिथल्या त्याच्या खोपटात पहिल्यांदा त्याचा आवाज मुद्रित केला. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला. ते लाकडी खोपट आज क्लार्क्सडेलच्या ब्लूज संग्रहालयात आहे. त्याच्या एका फळीपासून एक गिटारही बनवण्यात आली. लोक ते घर डोळे भरून पाहतात. त्या घरातल्या माणसांची खावटी ज्या वहीत लिहिली जात असे तिच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही.

ती वही मळ्यावर राहिली नाही. ती शहरात गेली आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या टेबलावर उघडली गेली. आगाऊ रक्कम, तीवर चढवलेला खर्च, वर्षअखेर बाकी आणि हिशेब लिहिणारा समोरचाच. कापूस जाऊन ध्वनिमुद्रिका आली, इतकाच फरक. रूथ ब्राउनच्या गाण्यांवर अटलांटिक ही कंपनी इतकी भरभराटीला आली की तिला 'रूथने बांधलेले घर' असे म्हणत. साठ-सत्तरच्या दशकांत याच बाईंनी दुसऱ्यांच्या घरी कामे केली, शाळेची बस चालवली. रॉयल्टी मागितली तेव्हा कंपनीच्या वहीत त्यांच्याच नावे बाकी निघाली. ऐंशीच्या दशकात एका चाहत्या वकिलाला बरोबर घेऊन त्या लढल्या. १९८८ मध्ये कंपनीने त्यांच्यासह पस्तीसेक जुन्या कलावंतांच्या नावावरची बाकी रद्द केली, मागची रॉयल्टी देण्याचे मान्य केले, आणि तिच्या पैशातून 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ही जुन्या कलावंतांना मदत करणारी संस्था उभी राहिली. त्यानंतर पंधरा वर्षांनी रेडिओ सिटीच्या रंगमंचावर हसत उभी असलेली बाई ती हीच. तिच्या हसण्यात एका जिंकलेल्या दाव्याचा वाटा आहे. तो ठाऊक नसेल तर आपण तिला पाहिले असे म्हणवत नाही.

मेम्फिसच्या स्टॅक्सची कथा तर एका कराराची आहे. ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात गेला. पुढच्याच वर्षी कंपनीच्या ध्यानात आले की वितरणाच्या करारातल्या एका कलमामुळे आजवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकी वितरक अटलांटिककडे गेली आहे. त्याच १९६८ मध्ये, ४ एप्रिलला, त्याच शहरातल्या लोरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते सफाई कामगारांच्या संपासाठी आले होते. आणि हे मोटेल म्हणजे स्टॅक्सचे कलावंत जिथे बसून गाणी जुळवत ती जागा. पुढे १९७५ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली, आणि २००३ मध्ये, म्हणजे नेमक्या 'ब्लूज वर्षा'त, त्याच जागेवर जुन्यासारखीच इमारत बांधून संग्रहालय उघडले. आधी पाडायचे, मग तसेच बांधायचे आणि त्याला वारसा म्हणायचे. या संग्रहालयाशेजारी त्याच वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळा चालते, ही जमेची बाजू. आणि तीच त्या जागेला खरी वारसाची नोंद वाटते.

*

आक्षेप येतील. त्यांतले दोन मला वजनदार वाटतात.

पहिला असा की गोऱ्या तरुणांनी आणि युरोपातल्या रसिकांनी हात दिला नसता तर ब्लूज संपलाच असता. यात तथ्य आहे. १९६२ पासून युरोपभर फिरलेल्या ब्लूज महोत्सवांनी अनेक गायकांना नवे श्रोते दिले. विस्मृतीत गेलेल्या सन हाउसला १९६४ मध्ये गोऱ्या चाहत्यांनीच शोधून काढले. रोलिंग स्टोन्सनी १९६५ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर स्वतःबरोबर हाउलिन वुल्फला आग्रहाने आणले आणि त्याच्या पायाशी बसून ऐकले. हे ऋण नाकारणे कोतेपणाचे होईल. पण प्रेम आणि हिशेब एकमेकांना वर्ज्य असतात, हे कोणी ठरवले? विली डिक्सनने १९८५ मध्ये लेड झेपेलिनवर दावा लावला. 'होल लोटा लव्ह' या त्यांच्या गाण्यात त्याने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या गाण्याचे शब्द आले होते. १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याच डिक्सनने 'ब्लूज हेवन फाउंडेशन' काढले, जुन्या कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी. आज ती संस्था शिकागोत, ज्या इमारतीत चेस कंपनी ध्वनिमुद्रण करत असे त्याच इमारतीत आहे. मयताच्या जमिनीवर असा वारस लागतो.

दुसरा आक्षेप आपल्या रसिकांचा: मैफलीत हिशेब काढला की रसभंग होतो. त्यांना मी २० ऑगस्ट १९७२ ची आठवण करून देईन. लॉस एंजलिसमध्ये, वॉट्स वस्तीतल्या १९६५ च्या उद्रेकाला सात वर्षे झाली म्हणून, स्टॅक्सने 'वॉटस्टॅक्स' हा दिवसभराचा सोहळा केला. तिकीट एक डॉलर. लाखभर लोक आले, बहुतेक कृष्णवर्णीय. तिथे वारसा होता, उत्सव होता आणि वारसही हजर होते, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. रसभंग झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. आणि २००३ च्या त्या रात्रीही, इराकवरच्या हल्ल्याला दीडेक महिना उरला असताना, चक डी याने जॉन ली हूकरच्या जुन्या गाण्याचे युद्धविरोधी गाणे करून टाकलेच. वारसा वापरणे याला म्हणतात. साजरे करणे ही त्याच्या खालची पायरी आहे.

*

हे सगळे आपल्याला कशाला, असे विचारणाऱ्यांना आपलाच इतिहास दाखवावा लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिले ते कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मिळवण्यासाठी. म्हणजे त्या दोघांमधला दुवा अर्जाचा होता, हक्काच्या मागणीचा होता. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून मराठी अभ्यासकांसाठी वाट करून दिली. जात आणि वंश या दोन व्यवस्था एक नाहीत, हे धरूनही हा संबंध खरा आहे.

या संबंधाचे आपण वर्गात काय केले? 'वेदना, विद्रोह, नकार' हे दलित साहित्याचे त्रिसूत्र आपण प्रश्नपत्रिकेत घातले. वेदनेवर दहा गुणांचा प्रश्न, विद्रोहावर पाच, नकारावर टीप. वेदना मोठ्या मायेने शिकवली, कारण ती ऐकताना आपल्याला काही द्यावे लागत नाही. लोकगीतांच्या ध्वनिफितींवर 'पारंपरिक' असा शिक्का पाहिला की आपण समाधानाने मान हलवतो. तो शिक्का कित्येकदा 'वारस आढळला नाही' एवढाच शेरा असतो आणि शोध कोणी घेतला होता हे त्यात नसते. पठ्ठे बापूराव आपल्या अभ्यासक्रमात कवी म्हणून येतात. पवळा येते ती त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून. टटवायलरच्या फलाटावरचा तो निनावी माणूस आपल्या लेखी इतका परका नाही.

ब्लूजच्या मैफली बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला, बडी गाय तिथे येऊन वाजवून गेला. मराठी तरुणांनी तो कान देऊन ऐकला असेल तर आनंदच आहे. माझी मागणी शिक्षकांपुरती आहे. ब्लूज शिकवताना गाणे ज्याचे त्याचे नाव फळ्यावर लिहा. त्याने ते कोणाकडून घेतले तेही लिहा. शेवटी तिसरे नाव लिहा: त्याचे पैसे ज्याच्याकडे गेले त्याचे. तिसरे नाव लिहिताना वर्गात जी चुळबुळ होईल तिथून चर्चा सुरू होऊ द्या.

त्या विद्यार्थ्याने सत्राच्या शेवटी चर्चासत्रासाठी निबंध दिला. विषय त्यानेच निवडला होता: ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब आणि रूथ ब्राउनचा रॉयल्टीचा दावा. विभागाच्या बैठकीत एक सूचना आली की हा विषय अर्थशास्त्र विभागाकडे पाठवावा, साहित्याशी याचा संबंध काय? मी तो साहित्याचाच म्हणून ठेवून घेतला आहे. निबंधाच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःच्या नावाखाली आईचे आणि वडिलांचे, दोघांचीही नावे लिहिली होती. नियमात ती बसत नाहीत, असे कार्यालयाने कळवले. ती तशीच राहू द्यावीत, असे मी लेखी कळवले आहे.